गणित ठेव, उत्तर राहू दे

मराठी माणसाला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लगेच द्यायला आवडत नाही. मुलगी पाहून आल्यावर 'कळवतो', उसने पैसे मागायला आलेल्याला 'बघू', सोसायटीच्या सभेत 'पुढच्या मीटिंगला विषय घेऊ' आणि बायकोने माथेरानचं विचारलं तर 'मुलांच्या परीक्षा होऊ देत'. या चारही उत्तरांत प्रश्न नाकारलेला नसतो आणि सोडवलेलाही नसतो. तो नीट घडी करून कपाटात ठेवलेला असतो. अशा घड्यांवर आपल्याकडे कित्येक संसार सुखाने चालले आहेत. पण या सवयीला शास्त्रात मोठी प्रतिष्ठा आहे, आणि एका आख्ख्या संगणकभाषेचा डोलारा तिच्यावर उभा आहे, ही वार्ता माझ्या कानी आली ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

त्या भाषेचं नाव 'आर'. नुसतं एक अक्षर. एवढी काटकसर मी फक्त बँकेच्या स्टेशनरी खात्यात पाहिली आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी ती तयार केली. दोघांच्या नावांचं आद्याक्षर आर, म्हणून भाषेचंही आर. शिवाय तिच्या आईचं नाव 'एस'. ही एस अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून वाढवली. तेव्हा घराण्यात एकाक्षरी नावांची रीतच होती म्हणायची. आर १९९३ साली लोकांसमोर आली, १९९५ पासून सर्वांना फुकट आणि खुली झाली, आणि तिची १.० ही आवृत्ती निघाली ती २९ फेब्रुवारी २००० रोजी. चार वर्षांतून एकदाच वाढदिवसाचा खर्च यावा अशी तारीख लाभलेली ही भाषा मला पहिल्यापासूनच आपल्यातली वाटली.

आमच्या घरी ती भाचीचं बोट धरून आली. भाची संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आणि प्रोजेक्टसाठी दोन महिने आमच्याकडे होती. मी कॉमर्सचा पदवीधर. संख्याशास्त्राशी माझा संबंध मीन, मीडियन आणि मोड या तीन बहिणींपुरता, आणि त्यांतलीही मोड मला कडधान्यामुळे लक्षात राहिली. पण मामाने भाचीच्या अभ्यासात लक्ष घालावं अशी आमच्या सौ.ची अपेक्षा होती. म्हणून रात्री जेवणानंतर मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसू लागलो.

"मामा, एक साधं गणित सांग," ती म्हणाली.

बँकेतल्या माणसाला साधं गणित एकच सुचतं. मी म्हटलं, "शिल्लक गुणिले सात, भागिले शंभर."

तिनं ते टाइप केलं. आर म्हणाली, शिल्लक नावाची वस्तू सापडत नाही. मी म्हटलं, "ही भाषा आमच्या कर्जदारांना भेटून आलेली दिसते." भाची हसली नाही. एम.एस्सी.ची मुलं मामाच्या विनोदाला हसत नाहीत. तिनं तेच गणित पुन्हा टाइप केलं, पण या वेळी त्याच्याभोवती कंस घालून आधी 'कोट' असा शब्द लिहिला. आर काहीच कुरकुरली नाही. उलट 'शिल्लक गुणिले सात भागिले शंभर' असं जसंच्या तसं पडद्यावर परत छापलं.

"म्हणजे हिनं काहीच केलं नाही," मी म्हटलं.

"केलं ना. गणित न सोडवता ठेवून दिलं. आता तू शिल्लक सांग."

मी दहा हजार म्हटलं. तिनं 'इव्हॅल' नावाची आज्ञा दिली आणि सातशे आले. मी शिल्लक वीस हजार केली, तेच ठेवलेलं गणित पुन्हा सोडवायला सांगितलं, चौदाशे आले. गणित तिथंच होतं, तसंच होतं. उत्तरं बदलत होती. या प्रकाराला त्या शास्त्रात 'अनइव्हॅल्युएटेड एक्सप्रेशन' म्हणतात. आपण मराठीत 'बघू' म्हणतो. फरक इतकाच, की आर खरोखर बघते.

मला प्रथम यात काही विशेष वाटलं नाही. गणित दिसलं की सोडवून मोकळं व्हावं, ही आमची शाळेपासूनची शिकवण. पण भाचीनं मला विचारलं, "नऊ. आता सांग, हे कशाचं उत्तर आहे?" मी म्हटलं, तीन त्रिक. ती म्हणाली, चार अधिक पाच का नाही? अठराचा निम्मा का नाही? आणि त्या क्षणी माझ्यातला पंचवीस वर्षांचा कारकून ताडकन जागा झाला. अरे, हे तर व्हाउचर! आमच्याकडे ऑडिटर येतो तो शिल्लक बघायला येत नाही. शिल्लक त्याला मुंबईत बसून दिसते. तो मागतो व्हाउचर. ही रक्कम आली कुठून, कोणी, कशापोटी? नुसत्या नऊ रुपयांवरून कोणताही ऑडिटर हे सांगू शकत नाही. उत्तर मिळालं की गणित पुसलं जातं, आणि उत्तरावरून गणिताकडे परत जायला रस्ता नसतो. गणित जपून ठेवलं असेल तर मात्र उत्तर हवं तेव्हा काढता येतं. एवढंच नाही, त्या गणिताचं पुष्कळ काही करता येतं. भाचीनं एक्सचा वर्ग असं ठेवलेलं गणित आरला दिलं आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह मागितलं, तर तिनं 'दोन गुणिले एक्स' असं नवं गणितच काढून दिलं. एक्स किती, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. बारावीला याच प्रकाराने माझे केस पांढरे व्हायला सुरुवात झाली होती.

ही कला आरला आजोळाकडून मिळाली. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प नावाची भाषा रचली, तिच्यावरचा त्यांचा निबंध १९६० सालचा. त्यातच हा 'कोट' आहे. एखाद्या गोष्टीला कोट घातला की ती सोडवायची नाही, आहे तशी धरायची. आमच्या लग्नात मलाही एकदा कोट घातला होता. तेव्हापासून घरात मला कोणी सोडवलेलं नाही, आहे तसाच धरलेला आहे.

खरी मजा मात्र पुढं, फंक्शनमध्ये आहे. आता फंक्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंज किंवा लग्न येतं. भाचीला फंक्शन म्हणजे काय, हे समजावून सांगायला पाऊण तास लागला. पण शेवटी माझ्या लक्षात आलं, की आमचंच फंक्शन डोळ्यांसमोर ठेवलं तर काम भागतं. लग्नाला माणसं येतात ती आहेराची पाकिटं घेऊन. वधूपिता काय करतो? एकेक पाकीट दारातच फोडून नोटा मोजत बसतो का? मुळीच नाही. पाकीट घेतो, "कशाला त्रास घेतलात" म्हणतो आणि ते बंदच पिशवीत टाकतो. आरचं फंक्शनही तसंच वागतं. तुम्ही त्याला जे गणित देता, ते तिथल्या तिथं सोडवलं जात नाही. त्याचं बंद पाकीट करून आत ठेवलं जातं, आणि ज्या क्षणी रकमेची गरज पडते त्या क्षणी ते फोडलं जातं. केटररचं बिल समोर आलं, की पाकीट फुटलं. बिलच आलं नाही, तर पाकीट जन्मभर बंद. त्यात फाटकी नोट असो की कोरा कागद, कोणाला पत्ता लागत नाही. भाचीनं मला करून दाखवलं. फंक्शनला दोन पाकिटं दिली, त्यातल्या दुसऱ्यात मुद्दाम एक अशक्य गणित घातलं, 'अमुक' या अक्षरांचा लॉग काढा म्हणून. फंक्शननं पहिलंच पाकीट वापरलं आणि सुखाने उत्तर दिलं. दुसऱ्यात काय होतं याची त्याला दादच नाही.

या बंद पाकिटाला आरमध्ये अधिकृत नाव आहे: 'प्रॉमिस'. वचन! हे ऐकून मला त्या ऑकलंडच्या अध्यापकांना बँकेतर्फे चहा पाजावासा वाटला. कारण तुमच्या खिशातली नोट म्हणजे काय? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सही करून दिलेलं वचनच. दहाच्या, शंभराच्या, पाचशेच्या नोटेवर ते छापलेलं असतं. धारकाला अमुक रुपये अदा करीन. फक्त एक रुपयाच्या नोटेवर ते नसतं. ती भारत सरकार काढतं, तिच्यावर अर्थसचिवांची सही असते आणि सही करताना ते कोणालाच काही वचन देत नाहीत. एका रुपयासाठी कोण शब्दात अडकणार!

या वचनाचे नियम पक्के आहेत. पाकीट एकदाच फोडायचं. फोडलं, रक्कम वहीत मांडली, संपलं. नंतर शंभरदा विचारलं तरी तीच रक्कम. पुढच्या तारखेचा चेक जसा एकदाच वटतो तसा. आणि पाकिटावर घरचा पत्ता असतो. तुम्ही दिलेलं गणित तुमच्या घरच्या आकड्यांनी सोडवायचं. तुम्ही काहीच दिलं नाही आणि फंक्शननं स्वतःच्या पदरचं गणित धरलं, तर ते फंक्शनच्या आतल्या आकड्यांनी सोडवायचं. पाहुण्याचा खर्च पाहुण्याच्या खात्यावर, यजमानाचा यजमानाच्या. असा चोख हिशेब मी प्रत्यक्ष लग्नात एकदाही पाहिलेला नाही.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे पाकीट न फोडता त्याच्यावर लिहिलेलं वाचायची सोय आहे. तिला 'सबस्टिट्यूट' म्हणतात. भाचीनं माझ्या पगाराचा आलेख काढला, तर उभ्या रेषेशेजारी आपोआप 'पगार' असं नाव आलं. तिनं 'पगार गुणिले १२' असं दिलं, तर नावही 'पगार गुणिले १२' असंच आलं. आकडे तर मिळालेच, वर तुम्ही ते कोणत्या शब्दांत मागितले तेही फंक्शननं वाचून घेतलं. हे काम आमच्याकडे सौ. करते. आहेराची पिशवी घरी आली, की पाकीट उघडायच्या आधी नाव वाचून ती रक्कम सांगते. अजून चुकलेली नाही.

'कोट' घालून ठेवलेल्या गणिताला मात्र असा घरचा पत्ता नसतो, आणि तिथं सावध राहावं लागतं. हे मला स्वयंपाकाच्या पुस्तकावरून चटकन पटलं. पाककृतीत शेवटी एक ओळ हमखास असते: मीठ चवीपुरतं. हे शुद्ध न सोडवलेलं गणित आहे. चव कोणाची? लेखिकेची, स्वयंपाक करणाऱ्याची, की जेवणाऱ्याची? पुस्तक त्याबाबत गप्प. ज्याच्या स्वयंपाकघरात ती ओळ सोडवली जाईल, त्याची चव लागू. म्हणूनच एकाच पुस्तकातली आमटी आमच्याकडे आमटी होते आणि आमच्या मेहुण्यांकडे समुद्र. आरमध्येही 'इव्हॅल' म्हणताना कोणत्या स्वयंपाकघरात, हे सांगायची सोय आहे. न सांगाल तर जिथं 'इव्हॅल' म्हटलं, तिथलं मीठ.

आणि उशीर केल्याचे तोटेही आहेत. समजा, घरी दहा पाहुणे आले. तुम्ही प्रत्येकाच्या नावाने एकेक कप मांडला आणि चिठ्ठीवर साखर किती ते न लिहिता लिहिलं, 'या पाहुण्याला हवी तेवढी'. दहा कप, दहा चिठ्ठ्या, सगळ्यांवर हेच. चहा उकळला, चिठ्ठ्या वाचायची वेळ आली, तेव्हा 'हा पाहुणा' कोण? जो शेवटी आत आला तो. आणि त्याला मधुमेह. झाला दहाही पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा! आरमध्ये हा घोळ पुष्कळ वर्षं लोकांना छळत होता. एकसारखी दहा फंक्शनं ओळीनं तयार करावीत, तर सगळी शेवटचाच आकडा धरून बसत. २०१५ साली आलेल्या ३.२.० या आवृत्तीत, अशी कामं ओळीनं करून देणाऱ्या ठरावीक आज्ञांपुरता बंदोबस्त झाला. त्या आता पाकीट लगेच फोडतात. बाकी ठिकाणी तुम्हीच 'फोर्स' म्हणून दटावायचं. थोडक्यात, काही पाकिटं बंद ठेवण्यात शहाणपण आहे आणि काही पाकिटं पाहुण्यासमोरच फोडण्यात.

हे सगळं शिकल्यावर मला बँकेत जिकडे तिकडे न सोडवलेली गणितं दिसू लागली. सर्वांत मोठं म्हणजे गृहकर्ज. कर्ज घेताना माणूस विचारतो, "व्याज किती टक्के?" आपण आकडा सांगतो, तो सही करतो. पण तो सही करतो ती आकड्यावर नव्हे. १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराशी जोडायची असतात, आणि तो बहुतेक ठिकाणी रेपो दर असतो. म्हणजे करारात लिहिलेलं असतं, 'रेपो दर अधिक अमुक'. त्यातलं 'अमुक' सहीच्या दिवशी आकडा घालून पक्कं केलेलं, आणि रेपो मोकळा सोडलेला. अर्धं सोडवायचं, अर्धं ठेवायचं, यालाही आरमध्ये आज्ञा आहे: 'बीकोट'. २०२० साली रेपो चार टक्के होता तेव्हा या बीकोटाचं उत्तर ऐकून लोक पेढे घेऊन आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा झाला, तेव्हा तेच लोक तोच करार घेऊन आले. हातात पेढे नव्हते. "आम्ही यावर कुठं सही केली होती?" म्हणत. केली होती. गणितावर केली होती, उत्तर नंतर आलं.

उलट आमच्या पगारात पाहा. बँकवाल्यांचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो. तो ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला आहे. आमच्या युनियनच्या थोर पूर्वजांनी 'महागाईपोटी अमुक रुपये' असं कबूल करून घेतलं असतं, तर आज त्यात एक वडापावही आला नसता. त्यांनी उत्तर घेतलं नाही, गणित लिहून घेतलं. पगाराच्या बाबतीत आपण सगळे मोठे संख्याशास्त्रज्ञ असतो. घेताना गणित मागतो. देताना काय करतो, ते मला गेल्या वर्षी काउंटरवर दिसलं.

आमच्याकडे एक वयस्क खातेदार आहेत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. सगळे त्यांना काकाच म्हणतात. पासबुक भरून घ्यायला आले होते. मशीन कुरकुरत एकेक ओळ छापत होतं. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अहो, हे दर पाच तारखेला तीनशे कुठं जातात?"

मी बघितलं. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन होती. राजापूरजवळच्या एका खेड्यातल्या खात्यात, दर महिन्याला, १९९९ पासून.

"बहिणीचे ते," काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तीनशेच?"

जुना फॉर्म फायलीतून काढून दाखवला. सुवाच्य अक्षर, कचेरीतलं. रकमेच्या चौकोनात ३००, अक्षरी रुपये तीनशे फक्त.

काका फॉर्मकडे बराच वेळ बघत राहिले. मग सांगू लागले. १९९९ साली वडील गेले. जाण्याआधी त्यांनी मुलाकडून शब्द घेतला होता. धाकटी बहीण लवकर विधवा झालेली, तिचं बघ. मुलानं शब्द दिला, "मला जे मिळेल त्याचा विसावा हिस्सा तिचा." तेरावं झालं, काका बँकेत आले. तेव्हा पगार सहा हजार. सहा हजार भागिले वीस. उत्तर त्यांनी मनातच काढलं आणि चौकोनात लिहिलं.

वडिलांना त्यांनी गणित दिलं होतं. बँकेला उत्तर दिलं. बँकेनं ते उत्तर इमानेइतबारे पाळलं. मध्ये संगणक आले, शाखेची जागा बदलली, नोटाबंदी झाली, दोन वर्षं करोनाची गेली. पाच तारखेचे तीनशे एकदाही चुकले नाहीत. दरम्यान काकांना पेन्शन लागली, दोन वेतन आयोग मिळाले, आणि पेन्शनीवर वर्षातून दोनदा वाढणारा महागाईचा हिस्सा. सगळं गणितानं वाढत गेलं. तीनशे मात्र सोडवून झालेले होते. आणि त्या फॉर्मवरून जगातल्या कुठल्याही ऑडिटरला कळलं नसतं, की हे तीनशे म्हणजे कोणाच्या तरी पगाराचा विसावा हिस्सा आहेत. नऊवरून तीन त्रिक कळत नाही, तसंच.

"ती कधी काही बोलली नाही?" मी विचारलं.

"नाही हो. उलट गावात सगळ्यांना सांगते, दादा दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता आठवण काढतो म्हणून."

यावर काय बोलायचं असतं, ते आमच्या ग्राहकसेवेच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

काकांनी नवा फॉर्म मागितला. रकमेच्या चौकोनात त्यांनी त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पेन्शनीचा विसावा हिस्सा'. मी तो संगणकात घालायला बसलो. संगणक म्हणाला, आकडा टाका. मी साहेबांना विचारलं, साहेबांनी वरच्या कचेरीला विचारलं. उत्तर आलं, की रकमेच्या जागी रक्कमच लागेल. कर्जाच्या करारात 'रेपो अधिक अमुक' मावतं, पण बहिणीच्या चौकोनात भागाकार मावत नाही. साहेबांनी तोडगा सुचवला, आत्ताच्या पेन्शनीचा हिस्सा काढून आकडा घाला आणि दर वर्षी येऊन बदला. काका म्हणाले, "गेल्या वेळी असंच केलं होतं. बदलायचं राहून गेलं." त्यांनी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बंद करायचा अर्ज दिला.

रात्री मी भाचीला फोन केला. तिचा प्रोजेक्ट संपून ती वसतिगृहावर परत गेली होती. सगळं सांगितलं आणि विचारलं, की तुझी आर हे करू शकली असती का? ती म्हणाली, "मामा, दोन ओळींचं फंक्शन आहे. पेन्शन भागिले वीस, कोट करून ठेवायचं आणि महिन्याच्या महिन्याला इव्हॅल." मग जरा गप्प राहून म्हणाली, "पण महिन्याच्या महिन्याला इव्हॅल म्हणणारं कोणीतरी लागतंच."

तेव्हापासून काका दर महिन्याला स्वतः येतात. पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला रांगेत असतात. स्लिपच्या पाठीमागे पेन्सिलीने पेन्शनीचा आकडा मांडतात, खाली वीस लिहितात, भागाकार करतात आणि मग पुढच्या बाजूला पेनाने रक्कम भरतात. गेल्या खेपेला ३४,१२० होते, १,७०६ पाठवले. रांगेतली पोरं मोबाईलवर दोन बोटांत पैसे पाठवत असतात, त्यांतल्या एकानं त्यांना ते शिकवायची तयारीही दाखवली. काका म्हणाले, शिकू, बघू. हे 'बघू' मात्र आपल्या नेहमीच्या अर्थाचं होतं.

स्लिप माझ्याकडे देताना ते ती आधी उलटी धरतात. "जरा तपासा हो, भागाकार बरोबर आहे ना?"

बरोबरच असतो. तरी मी दर वेळी कॅल्क्युलेटर काढतो आणि सगळी बटणं नीट दाबून पाहतो.